सौख्य आणि मौज

जवळची मोठी वस्तु टाकून मनुष्य लहान वस्तु घेऊं लागला, म्हणजे लोक त्याचीं दोनच कारणें जाणतात. एक दारिद्र्य आणि दुसरें वैराग्य. वाडा सोडून दोन खोल्यांत रहावयास गेलेल्या गृहस्थाची एक तर पेढी बुडालेली असते, नाहीं तर त्याला कोणी गुरु भेटलेला असतो. या दोहोंवांचून तिसरें एखादें कारण असूं शकेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि तें कारण 'मौज' हें आहे असें त्या गृहस्थानें आपण होऊन सांगितलें, तर तो खरें कारण लपवीत आहे असेंच ऐकणारास वाटतें. आम्हांस या गोष्टीचा अनुभव गेल्या वर्षीं आला. आमची मोठी, बलाढ्य व अत्यंत सुसंस्कृत मोटार देऊन टाकून तिच्या जवळजवळ निम्म्या वजनाची एक लहानशी मोटार आम्हीं घरीं आणली. त्याच आठवड्यांत शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं आम्हांस जिन्यांत गाठून, अगदीं हलक्या आवाजांत, "सगळं ठीक आहे ना?" असें विचारलें. दुसऱ्या एकांनीं पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेचा उल्लेख करून आमच्या त्यागाबद्दल आमचें अभिनंदन केलें. दोघांचेही हेतु चांगले होते, आणि दोघांसही आम्हीं खरें तेंच सांगितलें. परंतु दोघांनींही तें मनावर घेतलें नाहीं. त्यागाचें श्रेय फुकट पदरांत पडत असतां तें नाकारावें कशाला, असा मोह आम्हांस क्षणभर झाला होता, हेंही येथें कबूल केलेलें बरें.

पण तिसरा एक प्रश्न असा होता कीं तो हंसून घालवितां येण्याजोगा नव्हता. तो आमच्या मुलाचा. कारण मोठी गाडी त्यानेंच आम्हांस दिली होती.

आमच्या षष्ट्यब्दीच्या दिवशीं ती दाराशीं येऊन उभी राहिली. चिरंजीव बंगळूरास नोकरीला आहेत. त्यांनीं आम्हांस कांहीं एक न विचारतां ती घेतली होती. गाडीच्या नांवाशीं वाचकांस कर्तव्य नाहीं. सहा सिलिंडरांचें तीन लिटरचें यंत्र, आपोआप बदलणारे गिअर, पाठीला कोठेंही न रुतणारी बैठक, आणि कांचा मिटल्या कीं बाहेरचें जग एकदम मूकपटासारखें व्हावें अशी शांतता. पायाखालच्या पट्टीवर अंगठा टेकला तरी पुढची मालमोटार मागें पडलेली असे. तिच्यांत दोष म्हणून काढावयास जागा नव्हती, आणि आम्हीं तो काढलाही नाहीं. पहिले सहा महिने आम्हीं तिचें कौतुक केलें, पुढल्या सहा महिन्यांत तिची संवय झाली, आणि त्यानंतर ती आम्हांस दिसेनाशी झाली. घरून निघालों आणि पोंचलों, एवढेंच स्मरणांत राही. मधला प्रवास कोणीं केला हें आमचें आम्हांस सांगतां आलें नसतें.

अशांत एका आषाढांत आमच्या पुतण्याचें मनगट मुरगळलें, आणि त्याची जुनी, लहान, हातानें गिअर बदलण्याची गाडी माणगांवास पोंचविण्याचें काम आमच्यावर आलें. तीन वर्षांत आम्हीं क्लचला पाय लावला नव्हता. त्यामुळें पौडपर्यंत ती दोनदां बंद पडली, आणि मागून येणाऱ्या मंडळींनीं आमच्याविषयीं जें मत व्यक्त केलें तें या गाडींत स्पष्ट ऐकूंही आलें. मुळशीचा जलाशय मागें पडल्यावर पाऊस सुरू झाला. ताम्हिणीच्या वळणांवर दुसरा गिअर, तिसरा, पुन्हां दुसरा; चाक ओल्या पानांवरून गेलें कीं त्याची खबर सुकाणूंतून तळहाताला यावयाची; चढावर यंत्राचा आवाज जड झाला कीं तो सांगण्यापूर्वींच हात दांड्यावर गेलेला असावयाचा. घाट उतरून विळ्यास पोंचलों तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं गेला तासभर आम्हीं दुसऱ्या कशाचाही विचार केला नव्हता, आणि आमच्या तोंडावर हंसूं होतें. वेगाचा कांटा त्या सर्व वेळांत ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वर क्वचितच गेला असेल.

यावरून मोठी गाडी वाईट व लहान चांगली, असा सिद्धान्त काढावयास आम्ही निघालों नाहीं. दोन्ही प्रकारच्या वस्तु उत्तम असूं शकतात, आणि त्यांचें उत्तमत्व निरनिराळ्या ध्येयांचें असतें. हें पहावयाचें असेल तर १९८९ हें वर्ष पहावें. त्या वर्षाच्या जानेवारींत डेट्रॉइटच्या प्रदर्शनांत टोयोटा कंपनीनें आपली 'लेक्सस एल एस ४००' ही गाडी मांडली. चार लिटरचें आठ सिलिंडरांचें यंत्र, अडीचशें अश्वशक्ति, आणि सुमारें सतराशें किलो वजन. तिची जाहिरात पुष्कळांच्या स्मरणांत असेल. गाडीच्या बॉनेटवर, यंत्राच्या बरोबर वर, शँपेनच्या भरलेल्या पेल्यांची उतरंड रचलेली. चाकें रुळांवर फिरतां फिरतां ताशीं सुमारें २३० किलोमीटरांच्या वेगास पोंचतात, आणि एक थेंब सांडत नाहीं. पुढच्याच महिन्यांत शिकागो येथें माझ्दा या दुसऱ्या जपानी कंपनीनें 'एम एक्स ५' ही दोन माणसांची, उघड्या माथ्याची गाडी दाखविली. १.६ लिटरचें चार सिलिंडरांचें यंत्र, शंभराच्या थोडी वर अश्वशक्ति, आणि वजन हजार किलोंच्या आंत. तिच्या कर्त्यांनीं 'जिन्बा इत्ताइ' हा शब्द आपलें ध्येय म्हणून घेतला होता. स्वार व घोडा यांचें एक अंग होणें, असा त्याचा अर्थ. घोड्यावरून बाण सोडणाऱ्या धनुर्धरांच्या विद्येंतून तो आलेला आहे. आमच्या भाषेंत याला पक्की मांड म्हणतात, आणि ज्या प्रांताच्या इतिहासांतील अर्धीं पानें घोड्याच्या पाठीवर घडलीं, त्या प्रांतांतील वाचकांस ही कल्पना अधिक फोडून सांगावयास नको. एकाच देशांत, एकाच वर्षीं, सारख्याच कुशल माणसांनीं या दोन वस्तु घडविल्या. एकीचें ध्येय असें कीं, बसणाराला रस्त्याची आठवणही होऊं नये. दुसरीचें असें कीं, रस्त्याचा एकही खडा त्याच्या हाताला कळल्यावांचून जाऊं नये. दोन्हीही यशस्वी झाल्या. एम एक्स ५ च्या तर २०१६ पर्यंत दहा लक्ष गाड्या तयार झाल्या.

येथें ओघानें एक गंमत सांगावीशी वाटते. लहान गाड्यांत जिचें नांव सर्वतोमुखीं झालें ती इंग्लंडांतील 'मिनी' मौजेसाठीं मुळींच जन्माला आली नव्हती. १९५६ च्या सुएझ प्रकरणानें तेलाची टंचाई पडली, तेव्हां थोड्या तेलांत चौघांस नेणारी गाडी पाहिजे म्हणून अलेक इसिगोनिस यांनीं १९५९ सालीं ती काढली. जागा वांचावी म्हणून यंत्र आडवें बसविलें, चाकें अगदीं कोपऱ्यांत ढकललीं, आणि लांबी केवळ दहा फूट ठेवली. जागेच्या कंजुषीनें ढकललेल्या त्या चाकांमुळेंच ती वळणावर अशी कांहीं चिकटून जाऊं लागली कीं, १९६४ च्या मॉन्टे कार्लो शर्यतींत तिच्या कूपर नांवाच्या आवृत्तीनें पहिला क्रमांक मिळविला, आणि मोठ्या आठ सिलिंडरांची फोर्ड फाल्कन दुसरी आली. यंत्राच्या आकाराप्रमाणें सवलत देण्याच्या नियमाचाही त्या यशांत भाग होता, हें खरें. पण तेवढ्यानेंच बर्फाळ घाट जिंकतां येत नाहींत. काटकसर करावयास गेलें आणि आनंद हातीं लागला, असा योग जगांत फार थोडा येतो.

आतां मूळ मुद्याकडे वळूं. सौख्य आणि मौज या दोन शब्दांत आपण व्यवहारांत भेद करीत नाहीं. पण तो आहे. सौख्य हें बहुतांशीं अभावरूप असतें. धक्का नसणें, गोंगाट नसणें, उकाडा नसणें, श्रम नसणें, या 'नसण्यां'ची बेरीज म्हणजे सौख्य. आणि पुष्कळ द्रव्य वेंचून आपण जें विकत घेतों तें बहुतेक हेंच असतें. मौज ही कोणत्याही वस्तूंत भरून ठेवलेली नसते. ती करण्यांत असते. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या दहाव्या भागांत सुखाचें जें विवेचन केलें आहे, त्यांतील मर्म आम्ही असें समजतों कीं, शक्तीला साजेसें कर्म अडथळ्यावांचून चाललें म्हणजे, तारुण्यावर टवटवी यावी तसा त्यावर आनंद आपोआप येतो. कर्मापासून वेगळा काढून तो कोणाला देतां येत नाहीं. हें खरें असेल तर पूर्णत्वास पोंचलेल्या मोठ्या गाडीची अडचण स्पष्ट आहे. तिनें आमचें सारें कर्मच आपल्याकडे घेतलें होतें. आम्ही तिचे धनी होतों, पण तिच्यांत आमचें कांहीं काम नव्हतें.

हा विचार आम्हीं एके संध्याकाळीं जरा रंगांत येऊन घरांत मांडला. सौभाग्यवती पुरण वाटीत होत्या. म्हणजे मिक्सरमध्यें फिरवीत होत्या. त्यांनीं बटण बंद केलें आणि म्हणाल्या, "तुम्हांला गिअर बदलण्यांत मौज वाटते ना? माळ्यावर पाटा-वरवंटा आहे. काढून देऊं? होळीला पंचवीस पोळ्यांचं पुरण वाटा, आणि मग अॅरिस्टॉटल सांगा."

आम्हीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं, आणि आजही तें पुरतें देतां येईल असें वाटत नाहीं. श्रमाची गोडी गाणारांत श्रमांतून सुटलेल्यांचाच भरणा अधिक असतो, ही गोष्ट निर्विवाद आहे. दिवसभर टेंपो हांकणाऱ्या माणसाला क्लच दाबण्यांत आनंद आहे असें सांगावयास जावें, आणि त्याच्या डाव्या गुडघ्यानें काय उत्तर दिलें तें ऐकावें. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानें १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकांत खेळाची व्याख्याच अशी केली आहे कीं, नको असलेले अडथळे आपखुषीनें स्वीकारून ते ओलांडण्याचा यत्न म्हणजे खेळ. आमच्याकडील लंगडीचें उदाहरण घ्या. दोन पायांनीं धांवणें अधिक सोपें, आणि गडी त्यानें लवकर पकडले जातील. पण मग ती लंगडी राहिली नाहीं. मात्र लंगडीची मौज दोन्ही पाय धड असणारालाच, हें विसरून चालत नाहीं. ज्याचा एक पाय दैवानेंच नेला, त्याच्यापुढें लंगडीचें कौतुक करणें हा नुसता दुष्टपणा आहे. मोटारीच्या चर्चेंत ब्रह्मसूत्रें ओढणें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं; तथापि जगाच्या उत्पत्तीला लीला म्हणणाऱ्या सूत्रावर भाष्य करतांना आचार्यांनीं दृष्टान्त दिला आहे तो सर्व इच्छा तृप्त झालेल्या राजाच्या क्रीडेचा, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. भुकेल्या माणसाच्या धडपडीला त्यांनीं लीला म्हटलेलें नाहीं. तेव्हां आमची लहान गाडी ही साधेपणाची खूण नव्हे. ती एका तृप्त मनुष्याची चैन आहे, आणि चैन म्हणूनच तिचा विचार झाला पाहिजे. अभिनंदन करणाऱ्या शेजाऱ्यांस आम्हीं हें पुन्हां एकदां समजावून सांगितलें. त्यांनीं आमच्या विनयाबद्दल आमचें अभिनंदन केलें.

चैनच मानिली तर मग विचारावयाचें हें कीं, तिची किंमत कोण देतो? कारण रस्ता हा सर्वांचा असतो, आणि एकाची मौज दुसऱ्याच्या जिवावर बेतूं शकते. येथें मात्र लहान गाडीच्या पक्षानें बोलण्याजोगें पुष्कळ आहे. उत्तम मोठ्या गाडींत ताशीं साठ किलोमीटर म्हणजे उभें राहिल्यासारखें वाटतें. कांहींतरी घडत आहे असें वाटावयास कांटा एकशें वीसापर्यंत न्यावा लागतो. लहान गाडींत तेंच साठाला, आणि घाटांत चाळीसाला, वाटतें. आतां धांवत्या वस्तूच्या अंगीं असलेली मारक शक्ति वजनाच्या प्रमाणांत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें शाळेंत सर्वांनीं शिकलेलें आहे. सतराशें किलोंची गाडी एकशें वीसानें, आणि साडेनऊशें किलोंची साठानें, असा हिशेब मांडला तर पहिलीची शक्ति दुसरीच्या सातपटींहून जास्त येते. रस्त्यावरून सायकलीनें जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीनें आमची मौज सातपट स्वस्त झाली. जो आनंद कायद्याच्या मर्यादेच्या आंत पुरेपूर मिळतो, तो नीतीच्या दृष्टीनेंही वरच्या दर्जाचा, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

परंतु नेमकें हेंच गणित आमच्या मुलानें आमच्यावर उलटविलें. गाडी बदलल्याची बातमी त्यास आम्हीं फोनवरून दिली. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबा, सायकलवाल्या मुलीचा हिशेब तुम्ही केलात. समोरून ट्रक आला तर तुमचा आणि आईचा काय होईल, तो केलात का? मी ती गाडी तुम्हांला मौजेसाठी दिली नव्हती."

दोन गाड्यांची टक्कर झाली असतां हलक्या गाडींतील माणसांस अधिक सोसावें लागतें, ही गोष्ट खरी आहे, आणि ती आमच्या बाजूची नाहीं. गाडी आमची होती, तेव्हां ती विकण्याचा अधिकार आमचाच, असें उत्तर शास्त्रांतून काढतां आलें असतें. दात्याचें स्वामित्व संपून घेणाराचें सुरू होणें म्हणजेच दान, असें धर्मशास्त्रकार सांगतात. पण स्वामित्व कोणाचें हा प्रश्न त्यानें विचारलाच नव्हता. दोन्ही गाड्यांच्या किंमतींत जें अंतर पडलें ती रक्कम आम्हीं त्याच्याकडे पाठविली, ती त्यानें दुसऱ्या दिवशीं परत केली. ती आजही बँकेंत तशीच पडून आहे. तिला हात लावण्याचें धैर्य दोघांपैकीं कोणासही होत नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस आमच्या आईची आठवण झाली. गांवचें घर बंद करून आम्हीं तिला पुण्यास आणली, तेव्हां ती सत्तरीची होती. आम्हीं तिच्यासाठीं स्वयंपाकाला बाई ठेविली. आई बाईकडे पाहून म्हणाली, "मग मी काय करूं?" आम्हीं मोठ्या प्रेमानें उत्तर दिलें, "आतां आराम कर." पुढें ती गॅलरींत खुर्चीवर बसून असे. तिच्या तोंडून तक्रारीचा शब्द कधीं निघाला नाहीं. पण बाई एखादे दिवशीं आली नाहीं म्हणजे आई पहांटेपासून उत्साहानें कामाला लागे, हें आम्हांस दिसत असे, आणि त्याचा अर्थ आमच्या लक्षांत येत नसे. ज्याच्यावर प्रेम करावें त्याला सौख्य द्यावें, हेंच आम्हांस ठाऊक होतें. त्या सौख्याच्या पोटांत 'तुझें करणें संपलें' असा एक निकाल असतो, आणि तो ऐकणाराला ऐकूं येतो, देणाराला येत नाहीं. सौभाग्यवतींचा पाटा आणि आईची चूल यांत भेद एवढाच कीं, एकीवर तें काम लादलें गेलें होतें, आणि दुसरीपासून तें काढून घेतलें गेलें. दोन्ही वेळां तिला कोणीं विचारलें नव्हतें.

हें सगळें आम्हीं चिरंजीवांस पत्रानें लिहिलें. फोनवर तें बोलवलें नसतें. सोबत हेंही लिहिलें कीं, रात्रीच्या वेळीं महामार्गावर गाडी नेणार नाहीं, आणि मुंबईस जावयाचें झाल्यास डेक्कन क्वीननें जाऊं. पत्राचें उत्तर आलें नाहीं. दिवाळीच्या सुट्टींत तो मात्र आला.

भाऊबीज झाल्यावर माणगांवास जावयाचें ठरलें. जातांना गाडी आम्हीं चालविली. तो शेजारीं बसला होता, आणि प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबीत होता. सौभाग्यवतींनीं मागच्या बैठकीवरून, मोठ्या गाडींत कंबर दुखत नसे, असें दोनदां ऐकविलें. तें खरेंच होतें. परततांना आमच्या डोळ्यांस संध्याकाळचें ऊन सहन होईना, म्हणून किल्ली त्याच्या हातीं दिली. गेलीं कित्येक वर्षें तो आपोआप गिअर बदलणारी गाडी चालवीत आला आहे. विळ्याच्या पुढें पहिल्याच चढावर गाडी हिसका देऊन बंद पडली. मागच्या एस. टी. नें भोंगा वाजविला. "हाफ क्लच," आम्ही म्हणालों, आणि लगेच गप्प बसलों. दुसऱ्या खेपेस ती निघाली. तो लहान असतांना आमच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. तिचा गिअरचा दांडा सुकाणूच्या नळीला असे, आणि हा आमच्या मांडीवर उभा राहून तो दोन्ही हातांनीं ओढावयास पाही. त्या वेळीं तो खालचा ओठ दांतांत धरीत असे. घाटाच्या निम्म्यावर आलों तेव्हां आम्हीं हळूच त्याच्याकडे पाहिलें. ओठ तसाच धरलेला होता.

मुळशीस चहाला थांबलों. चहा झाल्यावर किल्लीसाठीं आम्हीं हात पुढें केला. "असूं दे," तो म्हणाला, "चांदणी चौकापर्यंत मीच नेतों."